स्वभाव ओळखा, मग संस्कार करा

(पालक आणि बालवर्गाचे कार्यकर्ते यांच्या एकत्रित मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा हा संपादित पाठ.)



मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. घरात नवे बाळ आले की आजी त्याच्याकडे चार-आठ दिवस नुसती पाहत असते आणि मग सहज बोलून जाते, ‘हा थोरल्यासारखा नाही हो, हा वेगळाच आहे.’ थोरला भूक लागली की कुरकुरायचा, धाकटा घर डोक्यावर घेतो. थोरल्याला कोणीही उचलून घ्यावे, धाकटा आईच्या खांद्यावरून मान वर काढायला तयार नसतो. आई तीच, वडील तेच, घर तेच, अंगाईसुद्धा तीच. मग हा भेद आला कोठून? या बाळाला अजून कोणी लाडावलेले नाही, मारलेले नाही, त्याने दूरदर्शन पाहिलेला नाही, वाईट संगत त्याला लागलेली नाही. तरीही तो वेगळा आहे. हा जो जन्मासोबत आलेला वेगळेपणा, तोच आजच्या विवेचनाचा विषय.

आपण सारे संस्कारांवर श्रद्धा असलेली माणसे आहोत. घर, शाळा आणि संघस्थान या तीन ठिकाणी मूल घडते, हा आपल्या कार्याचा पायाच आहे. परंतु या श्रद्धेबरोबर नकळत एक गैरसमजही आपल्या मनात शिरतो. मूल म्हणजे ओल्या मातीचा गोळा, जसा आकार द्यावा तसा तो घडतो, असे आपण सहज म्हणतो. हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण ते पूर्ण खरे नाही, आणि त्याच्या अर्धसत्यापायी अनेक घरांत अश्रू वाहत आहेत. गोळा मनासारखा घडला नाही की दोष कोणाचा? एक तर कुंभाराचा, नाहीतर मातीचा. म्हणजे एक तर आई स्वतःला अपराधी मानते, किंवा मुलाला ‘वाया गेलेला’ ठरवते. तिसरी वाटच उरत नाही.

आईचा अपराध कोणता?

पाश्चात्त्य जगातही हीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत वर्तनवादाचा जोर होता. जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाचा तर असा दावा होता की निरोगी बालके आणि हवी तशी परिस्थिती मिळाली, तर त्यांतील कोणालाही हव्या त्या व्यवसायाचा माणूस बनवून दाखवता येईल. दुसऱ्या बाजूला मनोविश्लेषणाचा पंथ होता. या दोन पंथांचे आपसांत पटत नसे; पण मुलाचे काही बिघडले की बोट आईकडे दाखवायचे, याबाबत मात्र दोघांचेही एकमत होते.

न्यूयॉर्कमधील अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याला हे पटेना. त्यांच्याकडे येणाऱ्या अनेक माता प्रेमळ, समंजस आणि कर्तव्यदक्ष होत्या, तरी त्यांची मुले अडचणीत होती. उलट, विस्कटलेल्या घरांतली कित्येक मुले व्यवस्थित वाढत होती. तेव्हा १९५६ मध्ये या दांपत्याने एक दीर्घ अभ्यास हाती घेतला. १३३ बालकांची त्यांनी तान्हेपणापासून निरीक्षणे नोंदवली आणि ही मुले मोठी होऊन कर्ती होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. पुढे १९६४ मध्ये स्टेला चेस यांनी सर्व दोष आईच्या माथी मारण्याच्या वैद्यकीय प्रवृत्तीवर कडक शब्दांत लेख लिहिला.

या अभ्यासात बालकाच्या स्वभावाची नऊ अंगे समोर आली. मूल किती हालचाल करते. त्याची भूक, झोप, शौच यांना ठरावीक वेळ आहे की नाही. नवे माणूस, नवा पदार्थ, नवी जागा समोर आली की ते पुढे होते की मागे सरते. बदलाशी जुळवून घ्यायला त्याला किती वेळ लागतो. किती बारीक आवाजाने, उजेडाने वा स्पर्शाने ते अस्वस्थ होते. त्याचे हसणे-रडणे किती जोरकस असते. एकूण दिवसात ते आनंदी अधिक असते की किरकिरे. हातातल्या गोष्टीवरून त्याचे लक्ष किती सहज उडते. आणि अडथळा आला तरी ते किती वेळ चिकाटीने टिकते. कोणत्याही आईने ही यादी ऐकली तर ती म्हणेल, ‘यात नवीन ते काय? हे तर रोज दिसते.’ खरेच आहे. शास्त्राने एवढेच केले की आजीच्या नजरेला वहीत उतरवले आणि वर्षानुवर्षे पडताळून पाहिले.

या नऊ अंगांवरून मुलांचे तीन ढोबळ गट दिसले. सुमारे ४० टक्के मुले सुलभ स्वभावाची होती. वेळेवर झोपणारी, हसतमुख, बदल सहज स्वीकारणारी. सुमारे १० टक्के मुले अवघड होती. अनियमित, नव्याला विरोध करणारी, जोरकस रडणारी. सुमारे १५ टक्के मुले हळूहळू खुलणारी होती; ती विरोध करीत नाहीत, गोंधळ घालत नाहीत, फक्त कडेला उभी राहतात आणि पुरेसा वेळ मिळाला की आपणहून मिसळतात. उरलेली सुमारे ३५ टक्के मुले कोणत्याच गटात बसली नाहीत. हा शेवटचा आकडा विशेष लक्षात ठेवावा. आपल्याला चौकटी आवडतात. एकदा शिक्का मारला की विचार करण्याचे श्रम वाचतात. पण तीनपैकी एका मुलाला तर चौकटच लागू पडत नाही.

अवघड गटातील सुमारे ७० टक्के मुलांना पुढे वर्तनाच्या समस्या निर्माण झाल्या, तर सुलभ गटात हे प्रमाण १८ टक्के होते. या आकड्याने घाबरून जाणे सोपे आहे. परंतु त्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, अवघड म्हणून जन्मलेल्या मुलांतही सुमारे ३० टक्के मुले सुखरूप वाढली. दुसरी, सुलभ मुलांपैकीही काहीजण अडखळलेच. म्हणजे स्वभाव हा निकाल नव्हे. मग निकाल कशावर ठरतो? संशोधकांचे उत्तर होते, जुळणीवर. मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांची जुळणी झाली की मूल फुलते. ती बिनसली की साधा स्वभावविशेषही दुखणे होऊन बसतो. शिवाय तान्हेपणी अवघड मुलांचे पालक सुलभ मुलांच्या पालकांपेक्षा वेगळे वागत होते, असेही या अभ्यासात आढळले नाही. ज्या मातेने रात्र-रात्र जागून मूल खांद्यावर फिरवले आणि वर ‘तूच सवय लावलीस’ हे बोल ऐकले, तिच्यासाठी हे वाक्य औषधासारखे आहे.

जुळणी म्हणजे काय?

याच दांपत्याने न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या, प्युर्टो रिकोहून आलेल्या कष्टकरी कुटुंबांचाही अभ्यास केला. या घरांत मुलाने अमुक वाजता झोपलेच पाहिजे, असा आग्रह नव्हता. त्यामुळे अनियमित झोपेचे मूल ही तेथे समस्याच नव्हती. ती समस्या झाली मूल शाळेत जाऊ लागल्यावर, कारण आता सकाळी वेळेवर उठणे भाग होते. मूल बदलले नव्हते, घड्याळ बदलले होते. तसेच चळवळ्या मुलांचे. छोट्या घरांत गर्दीने राहणारे हे पालक रस्त्यावरच्या धोक्यांमुळे मुलांना घरातच ठेवत. आणि मग ‘मूल एका जागी बसत नाही’ ही तक्रार तेथे वारंवार होऊ लागली.

हे चित्र आपल्याला अनोळखी आहे का? ज्या मुलाने चाळीच्या गॅलरीत किंवा वाड्याच्या चौकात दिवसभर हुंदडावे, तेच मूल सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कोंडले जाते. खालचे शेजारी तक्रार करतात, शाळेतून चिठ्ठी येते, संध्याकाळी शिकवणी असते. आजोबांच्या काळात ज्याला ‘अंगात रग आहे’ असे कौतुकाने म्हटले जाई, त्यालाच आज ‘त्रासदायक’ म्हटले जाते. मुलाचा स्वभाव तोच आहे. त्याचे अंगण मात्र आपण काढून घेतले.

उलट दिशेचे उदाहरण चीनमधले आहे. तेथील शहरी शाळांतील मुलांचा अभ्यास शिनयिन चेन या संशोधकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९९० मध्ये बुजऱ्या, मितभाषी मुलांना सवंगड्यांत मान होता. ती अभ्यासात पुढे होती, शिक्षकांनाही ती प्रिय होती. २००२ मध्ये तशाच मुलांना सवंगडी दूर सारू लागले होते आणि ती मुले खिन्न होऊ लागली होती. मधल्या १२ वर्षांत चिनी मुलांची जात बदलली नव्हती. बाजारपेठ आली, स्पर्धा आली आणि समाजाला वेगळ्या स्वभावाचे मूल ‘हुशार’ वाटू लागले. आपल्या घरांतही हेच घडले नाही का? ‘गुणी बाळ आहे, आवाज नाही’ ही एके काळची स्तुती होती. आज त्याच मुलाची आई काळजीने विचारते, ‘याच्यात आत्मविश्वास कसा आणायचा?’ आणि मुलगी जर धीट व बोलकी असेल, तर तिला ‘जरा हळू’ म्हणून गप्प करणारी घरेही आहेतच. एकाच स्वभावाला मुलग्यासाठी एक माप आणि मुलीसाठी दुसरे, हा न्याय नव्हे.

याहूनही विचार करायला लावणारी नोंद केनियातील मसाई लोकांची आहे. मार्टेन डीव्रीस या संशोधकाने १९७४ च्या दुष्काळात तेथील तान्ह्या बाळांमधून सर्वांत सुलभ १० आणि सर्वांत अवघड १० निवडली होती. काही महिन्यांनी तो परतला, तेव्हा अनेक कुटुंबे गुरांसह स्थलांतरित झाली होती. जी सापडली त्यांपैकी सुलभ ७ बाळांतील ५ दगावली होती. अवघड ६ बाळांतील एकच दगावले होते. संख्या अगदी थोडी आहे, तिच्यावर सिद्धांत उभारू नये. पण जे बाळ आकांत करते त्याला दूध मिळते, जे निमूट पडून राहते ते मागे राहते, हे समजायला फार मोठी संख्या लागत नाही. आज आपल्याला नकोसा वाटणारा हट्टीपणा एखाद्या कसोटीच्या क्षणी जीव वाचवणारा गुण ठरू शकतो. निसर्गाने सर्व मुले एका साच्यातून काढली नाहीत, यामागे काही शहाणपण असले पाहिजे.

आपल्या परंपरेची दृष्टी

हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. आयुर्वेदाने प्रकृतीचा विचार शतकानुशतके केला. चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रकृती गर्भधारणेच्या वेळीच, बीज, ऋतू आणि मातेचा आहारविहार यांच्या प्रभावाने ठरते, असे मांडले आहे. शारीरस्थानात मनाचे सोळा प्रकार वर्णिले आहेत. सात सात्त्विक, सहा राजस आणि तीन तामस. आधुनिक मानसशास्त्राच्या नऊ अंगांशी त्यांची गाठ जबरदस्तीने मारू नये. दोन्हींच्या पद्धती निराळ्या आहेत. पण माणसे मुळात भिन्न असतात आणि वैद्याने प्रकृती पाहूनच उपचार करावा, ही दृष्टी समान आहे. एकाच औषधाने सर्वांना बरे करू पाहणाऱ्याला आपण वैद्य म्हणत नाही. मग एकाच उपायाने सर्व मुलांना घडवू पाहणाऱ्याला शिक्षक कसे म्हणावे?

गीतेनेही हा समतोल साधला आहे. तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की ज्ञानी मनुष्यसुद्धा आपल्या प्रकृतीनुसार वागतो. नुसत्या दडपणाने काय साधणार? आणि सहाव्या अध्यायात, चंचल मन आवरणे कठीण असले तरी अभ्यासाने व वैराग्याने ते आवरता येते, असा धीर अर्जुनाला देतात. स्वभाव दडपता येत नाही, परंतु अभ्यासाने त्याला वळण देता येते. आधुनिक संशोधन आज जे सांगते त्याचे सार याहून फार निराळे नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून स्वभावातील भेदांचा सुमारे २० ते ६० टक्के भाग आनुवंशिक असावा, असे मानले जाते. म्हणजे घराला आणि समाजाला काम करण्यासाठी बराच वाव आहे; मात्र पाटी कोरी नाही.

‘संस्कार’ या शब्दाचा मूळ आशयही हेच सांगतो. संस्कार म्हणजे जे आहे ते शुद्ध करणे, उजळणे. सोनार सोन्यावर संस्कार करतो. तो तांब्याचे सोने करीत नाही, आणि तांब्याला तुच्छही लेखत नाही, कारण पाण्याची कळशी तांब्याचीच हवी असते. बाभूळ माळरानावर कोणी न लावताही वाढते. नागवेलीला सावली, पाणी, आधार सारे हवे असते. पानमळ्याचा शेतकरी तिला जपतो आणि त्याबद्दल तिला बोल लावत नाही. काही मुले बाभळीसारखी काटक असतात, काही नागवेलीसारखी. नागवेल माळावर टाकली तर सुकते. पण पानमळ्यात जी बहरते, ती बाभळीला साधणार नाही.

धाक, लाड आणि धीर

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे येऊ. सर्वांत मोठा प्रश्न बुजऱ्या मुलाचा. हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बालकांना हलती खेळणी, अनोळखी आवाज आणि वास दिले. सुमारे २० टक्के बालके हात-पाय झाडून रडू लागली. सुमारे ४० टक्के शांत राहिली. पहिल्या गटातील बरीच मुले पुढे बुजरी आणि सावध निघाली. पण सर्व नव्हे. ज्या घरांत अशा बाळाला प्रत्येक भीतीपासून उचलून दूर नेले गेले, तेथे भिती टिकून राहण्याकडे कल दिसला. आणि जेथे प्रेमाने, पण ठामपणे, छोट्या-छोट्या अडचणींना सामोरे जाऊ दिले, तेथे ती ओसरली.

येथे ‘श्यामची आई’ आठवल्याशिवाय राहत नाही. पाण्याला भिणारा श्याम पोहायला जायचे टाळतो, लपून बसतो आणि आई त्याला छडीचा धाक दाखवून विहिरीवर धाडते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ होती. ध्येय तिचे बरोबर होते. मुलाला भीतीच्या कुशीत कायमचे झोपू द्यायचे नाही, हा तिचा निश्चय होता. छडी त्या काळाची होती, ती आज उचलू नये. आज त्या आईचा निश्चय घ्यावा आणि पायऱ्या वाढवाव्यात. पहिल्या दिवशी काठावर बसणे, दुसऱ्या दिवशी पाण्यात पाय सोडणे, मग कमरेला भोपळा बांधून उतरणे. धाकाने मूल एकदा उडी मारते. धीर दिला तर ते पुन्हापुन्हा मारते.

आपल्याकडे पाहुणे आले की ‘काकांना कविता म्हणून दाखव’ हा कार्यक्रम ठरलेला. हळूहळू खुलणारे मूल आईच्या पदरामागे जाते. मग ‘आमचा हा असाच बुजरा’ हे वाक्य त्याच्यासमोरच उच्चारले जाते. ते मूल कविता विसरते, हे वाक्य मात्र विसरत नाही. पाहुण्यांना अर्धा तास बसू द्यावे, मुलाला त्यांच्यासमोर लाडू नेऊन ठेवण्याचे काम द्यावे. निघता-निघता ते आपणहून कविता म्हणेल. नाही म्हटली तरी आकाश कोसळत नाही.

दुसरा प्रश्न रागीट, जोरकस मुलाचा. त्याच्या रागाला आपणही रागानेच उत्तर दिले तर एका घरात दोन वणवे पेटतात. अशा मुलासाठी नियम थोडे असावेत, पण ते आजही तेच आणि उद्याही तेच असावेत. आईने नाही म्हटलेले आजीने हळूच देऊ नये. खेळ थांबवायचा असेल तर पाच मिनिटे आधी सांगावे. जुळवून घ्यायला वेळ लागणाऱ्या मुलाची अर्धी भांडणे एवढ्यानेच टळतात. आणि त्याच्या जोरकसपणाला काम द्यावे.

स्वामी विवेकानंदांच्या बालपणीच्या आठवणी प्रसिद्ध आहेत. १८६३ साली जन्मलेला हा नरेंद्र इतका अनावर होता की शंकराकडे मुलगा मागितला आणि त्याने आपले एक भूतच पाठवले, असे भुवनेश्वरीदेवी म्हणत. बाळाचा आकांत थांबेना, तेव्हा त्या त्याच्या डोक्यावर थंड पाणी ओतीत आणि कानात शिवाचे नाव घेत. दारी आलेल्या साधूंना हा मुलगा घरातल्या वस्तू देऊन टाकी. त्याला वरच्या खोलीत कोंडले तरी खिडकीतून वस्तू खाली टाकी. त्या मातेने त्याला ‘वाया गेलेला’ म्हटले नाही. तिला त्या अनावरपणातले औदार्यही दिसले. ज्या तेजाने पुढे जग जागे केले, ते तेज पाळण्यात असताना घराला नकोसेच वाटणार होते.

स्वभावाला माणूस स्वतःही वळण देऊ शकतो. डॉ. हेडगेवार मुळात तापट स्वभावाचे होते आणि अंगीकृत कार्यासाठी त्यांनी तो प्रयत्नपूर्वक आवरला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्यांचे तेज त्यामुळे कमी झाले नाही. माणसे जोडणाऱ्या स्नेहात ते रूपांतरित झाले. मेरी रॉथबार्ट या संशोधिकेने स्वभावाच्या या तिसऱ्या बाजूकडे लक्ष वेधले. उत्साह आणि भय-क्रोधादी भावना यांच्या जोडीला स्वतःला प्रयत्नाने आवरण्याची एक शक्ती असते आणि ती विशेषतः दोन ते सात या वयात वेगाने वाढते. ती मोजण्यासाठी संशोधक जे खेळ वापरतात, त्यांतला एक आपल्या संघस्थानावरच्या ‘शिवाजी म्हणतो’ या खेळासारखाच आहे. ‘शिवाजी म्हणतो’ असे शब्द आले तरच हालचाल करायची, नाहीतर स्तब्ध राहायचे. आपण ज्याला केवळ करमणूक समजत होतो, तो संयमाचा धडा आहे.

कार्यकर्त्यांसाठी दोन शब्द

बालवर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मैदानावर नवा बाल आला आणि तीन दिवस कडेलाच उभा राहिला, तर शिक्षकाला वाटते, याला गोडी नाही. चौथ्या दिवशी तो येत नाही आणि आपण नाव वगळतो. कदाचित तो फक्त हळूहळू खुलणारा असेल. त्याच्या घरी जावे, त्याच्या आई-वडिलांशी बोलावे, त्याच्या आवडीचे पुस्तक कोणते ते विचारावे. पाचव्या दिवशी त्याला कबड्डीत ओढण्याऐवजी गुण लिहिण्याचे काम द्यावे. घरोघरीचा संपर्क ही आपली जुनी रीत आहे; ती केवळ संख्येसाठी नाही, माणूस ओळखण्यासाठी आहे.

शिस्त सर्वांना एकच असावी, याबद्दल दुमत नाही. रांग सर्वांसाठी एकच, वेळ सर्वांसाठी एकच. पण त्या रांगेपर्यंत पोहोचण्याची वाट प्रत्येकाची निराळी असते. कोणी घोषात रमेल, कोणी गीतात, कोणी व्यवस्थेत, कोणी कथा सांगण्यात. सर्वांनी खेळातच पुढे असावे असा हट्ट धरला, तर आपण काही प्रकृतींचीच माणसे गोळा करू आणि उरलेली गमावू. संघटनेला वक्ता लागतो तसा हिशेब चोख ठेवणाराही लागतो.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे कार्य केले, त्यात हीच दृष्टी होती. वनवासी मुले शाळेत येत नाहीत, तर दोष मुलांचा नाही, हे त्यांनी जाणले. मुले अंगणात असतात, तर अंगणवाडी काढू. गुरे राखायला कुरणात जातात, तर कुरणशाळा काढू. मुलांना शाळेच्या मापाचे करण्याऐवजी त्यांनी शाळेलाच मुलांच्या मापाचे केले. अनुताई वाघ यांनी ते व्रत पुढे चालवले. आपल्या बालवर्गाला याहून चांगला धडा कोणता?

एक सावधगिरी मात्र हवी. सर्वच गोष्टी ‘स्वभाव आहे’ म्हणून सोडून देऊ नयेत. मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, नजरेला नजर मिळवत नसेल, आलेले बोलणे हरवले असेल, किंवा त्याच्या भीतीने वा रागाने शाळा-जेवण-झोप यांचाच खोळंबा होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. कान तपासावेत, विकास तपासावा. त्यात कमीपणा नाही. तसेच स्वभाव ही खोटे बोलण्याची वा दुसऱ्याला दुखावण्याची सबब होऊ शकत नाही. रागीट असणे ही प्रकृती आहे. लहान भावाला मारणे हे कृत्य आहे. प्रकृतीला समजून घ्यावे, कृत्याला आवर घालावा.

शेवटी एक छोटासा अभ्यास सुचवावासा वाटतो. आज घरी गेल्यावर प्रत्येक आई-वडिलांनी कागदावर दोन रकाने आखावेत. एका बाजूला मुलाच्या ज्या गोष्टींचा त्रास होतो त्या लिहाव्यात. दुसऱ्या बाजूला तोच गुण कोठे उपयोगी पडेल ते लिहावे. हट्टीपणासमोर चिकाटी, बुजरेपणासमोर सावधपणा, चळवळेपणासमोर उत्साह, हळवेपणासमोर करुणा. मग तिसरा रकाना आखावा आणि त्यात स्वतःचा स्वभाव लिहावा. पुष्कळदा असे दिसेल की जो तापटपणा मुलात खुपतो, तो आपणच त्याला दिलेला आहे. किंवा मूल शांत आहे आणि घाई आपल्याला आहे. जुळणी बिघडते ती बहुधा येथेच.

परमेश्वराने हे मूल आपल्या ओटीत घातले, ते आपल्या मनातल्या चित्राची प्रत म्हणून नव्हे. ते स्वतःचे बीज घेऊन आले आहे. माळ्याने आधी बीज ओळखावे, मग खतपाणी घालावे, वेळ पडली तर काटछाटही करावी. अशी जपलेली झाडे जेथे आपापल्या फळांनी लगडतात, त्याच बागेला समाज म्हणतात. आणि अशा समाजातूनच राष्ट्र उभे राहते.